‘ऑलिव्हर ट्विस्ट’ शिकवताना या चुका टाळा

साताऱ्याच्या आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना इंग्रजी कादंबरी शिकवताना एक अडचण वारंवार समोर येते. चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये कोणती सामाजिक टीका आहे, असे विचारले की गाईडमधले ‘दारिद्र्य, अन्याय, शोषण’ हे शब्द भराभर वहीत उतरतात. पण ती टीका पुस्तकातल्या कोणत्या वाक्यात आहे ते दाखवा म्हटले, की वर्ग गप्प होतो. यात दोष मुलांचा नाही. आपण टीका आधी सांगून टाकतो आणि वाक्य नंतर वाचतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उपरोध ऐकायला न शिकवणे. दुसऱ्या प्रकरणात डिकन्स वर्कहाउसच्या, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या आश्रयगृहाच्या, मंडळातील सभासदांना सुज्ञ, सखोल विचारांचे तत्त्वज्ञ म्हणतो आणि त्यांनी गरिबांना निवडीची मुभा दिली, असे लिहितो: आत राहून हळूहळू उपाशी मरावे, की बाहेर राहून झटपट. माझ्या एका विद्यार्थिनीने उत्तरात लिहिले होते, ‘मंडळी शहाणी होती आणि कोणावर सक्ती करत नव्हती.’ तिने शब्दकोश नीट पाहिला होता. तिला लेखकाचा सूर मात्र मी ऐकवला नव्हता. तेव्हापासून मी फळ्याचे दोन भाग करतो. डावीकडे मंडळाची स्तुती आणि उजवीकडे प्रत्यक्ष मिळणारे अन्न: दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा, रविवारी अर्धा पाव. मुलांची वाडगी कधी धुवावी लागत नसत, कारण मुले ती चमच्याने खरवडून लखलखीत करत, हेही तिथेच लिहितो. मग ‘दे से... बट दे गिव्ह...’ या साच्यात प्रत्येकाने स्वतःचे वाक्य रचायचे. व्याकरण कच्चे राहिले तरी चालेल, निष्कर्ष त्याचा स्वतःचा असतो.

दुसरी चूक वर्कहाउसला ‘वसतिगृह’ म्हणण्याची. आश्रय मागणाऱ्याची स्थिती बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही वाईट असावी, म्हणजे कोणी मदत मागायला धजावणार नाही, हे इंग्लंडमधील गरिबांविषयीच्या १८३४ च्या कायद्यामागचे तत्त्व होते, आणि तिथे नवरा-बायकोलाही वेगळे ठेवत. आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर मात्र कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेले बोर्डिंग उभे राहते, जिथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत आणि ज्यांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. हा फरक स्पष्ट केला, की वर्कहाउसमधल्या अनाथ ऑलिव्हरचे आणखी पेज मागणे मंडळाला एवढा मोठा अपराध का वाटला, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

संक्षिप्त आवृत्तीवरच भागवू नये. कथानक कळायला ती पुरेशी असते, पण निवेदकाचा सूर तिच्यात बहुधा उरत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकरणाची दोन पाने तरी मूळ इंग्रजीत, मोठ्याने आणि सावकाश वाचावीत. मंडळ कोणावर सक्ती करणार नव्हते, छे, मुळीच नाही, अशा अर्थाचे शब्द डिकन्सने कंसात घातले आहेत. तिथे आवाज खाली आणून क्षणभर थांबलो, की अर्थ सांगण्याआधीच मागच्या बाकांवरून कोणीतरी हसते, आणि मी तिथूनच चर्चा सुरू करतो.