ॲक्सेंट सुधारायच्या आधी रॉबी कोल्ट्रेन बघा

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला अभिनय शिकायला जायचंय म्हणून मला मेसेज करणाऱ्या जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, ताई, ॲक्सेंट आधी सुधारून घेऊ का? फी, राहायची सोय, पार्टटाइम काम (डिग्री कोर्सच्या स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास) हे सगळं विचारा, सांगते, पण आधी या प्रश्नाचं उत्तर, कारण यात माझी चार वर्षं गेलीत.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं पोरीसुद्धा "मी जातो", "मी आलो" असंच बोलतात. पुण्यात एकांकिकेच्या पहिल्याच तालमीत मी "मी येतो हां" म्हणाले आणि सगळे हसले, आणि तिथंच ठरलं की हिला विनोदी रोल. मग मी इतकं जपून बोलायला लागले की वाक्य शुद्ध यायचं पण त्यात जीवच नसायचा. ग्लासगोला गेल्यावर परत तेच, फक्त आता इंग्लिशमध्ये.

तिथं एका मॅडमनी वर्गात 'क्रॅकर' ही ब्रिटिश टीव्ही मालिका लावली. समोर रॉबी कोल्ट्रेन, आपल्याकडं ज्याला हॅरी पॉटरमधला हॅग्रिड म्हणूनच ओळखतात तो. खरं नाव अँथनी रॉबर्ट मॅकमिलन, जन्म १९५० चा, ग्लासगोला लागूनच असलेल्या रदरग्लेनचा. वडील डॉक्टर, आई शिक्षिका आणि पियानो वाजवणारी, शाळा ग्लेनॲल्मंडची, म्हणजे चांगल्या घरच्या मुलांची बोर्डिंग. तिथून तो ग्लासगो स्कूल ऑफ आर्टला आला तर पोरं चिडवायला लागली की हा प्रिन्स चार्ल्ससारखा बोलतोय! हे ऐकलं आणि मला एकदम पुण्यातली तालीम आठवली, फक्त उलटी, तिथं गावठी म्हणून हसले आणि इथं साहेबी म्हणून. त्यानं तो साहेबी सूर सोडला आणि आजूबाजूला जे बोललं जात होतं ते उचललं.

पेंटिंग शिकलेला हा माणूस मग स्टँडअप करायला लागला, जाझवाल्या जॉन कोल्ट्रेनवरून आडनाव घेतलं आणि जॉन बर्नच्या 'द स्लॅब बॉइज' नाटकात आला. हे नाटक पेझलीच्या बाजूच्या गालिचा कारखान्यात रंग घोटणाऱ्या पोरांचं, बर्न स्वतः तिथं काम केलेला आणि मुळात चित्रकार, आणि भाषा तिथलीच, अजिबात धुवूनपुसून न घेतलेली. त्याच बर्ननं १९८७ ला बीबीसीसाठी 'टुटी फ्रुटी' ही मालिका लिहिली. एका जुन्या रॉक बँडचा गायक मरतो आणि त्याच्या जागी त्याचा भाऊ येतो, दोघंही कोल्ट्रेनच, सोबत एमा थॉम्पसन. मला विचाराल तर त्याची ओळख इथून करून घ्या, हॅग्रिडपासून नको.

आता 'क्रॅकर'. १९९३, म्हणजे त्याचं वय ४३. तोवर बहुतेकांसाठी तो कॉमेडीवालाच. जिमी मॅकगव्हर्ननं लिहिलेला फिट्झ, म्हणजे कोल्ट्रेनचा रोल, हा इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा सायकॉलॉजिस्ट, दारू, सिगरेट, जुगार सगळं करणारा, पोलिसांना गुन्हेगाराकडून कबुली काढून देणारा. मालिका मँचेस्टरची, पण कोल्ट्रेन बोलतो स्कॉटिश. मॅडमनी चौकशीचा एक सीन आधी आवाज बंद करून दाखवला आणि मग नुसता आवाज, पडदा बंद. आवाज बंद असताना तो बहुतेक वेळ ऐकतोच आहे, शरीर एवढं मोठं पण हलत नाही, नजर तेवढी समोरच्यावर. आणि नुसत्या आवाजात कळतं की हा माणूस विनोदाचं टायमिंग वापरूनच समोरच्याला कोपऱ्यात घेतोय, जिथं हशा यायचा तिथं आता शांतता येते. याच कामासाठी त्याला लागोपाठ तीन वर्षं बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधला सिनेमा-टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. तेव्हा विनोदी रोल मिळतायत म्हणून रडत बसू नका, तेच शिक्षण पुढं कामाला येतं, मी हे मनापासून सांगतेय.

आणि असं नाही की त्याला दुसरे ॲक्सेंट येत नव्हते. बाँडच्या 'गोल्डनआय'मध्ये (१९९५) तो रशियन झुकोव्हस्की झाला, हॅग्रिडसाठी इंग्लंडच्या वेस्ट कंट्रीचा, म्हणजे नैऋत्येकडच्या भागाचा, सूर घेतला. हॅग्रिडचं तर बघाच, लांबच्या शॉटमध्ये बऱ्याचदा मार्टिन बेफिल्ड हा सहा फूट दहा इंचांचा माजी रग्बी खेळाडू असायचा, म्हणजे हॅग्रिडची उंची उसनी, पण डोळे आणि आवाज कोल्ट्रेनचा.

तर जायच्या आधी काय करायचं? ॲक्सेंट क्लासला पैसे घालू नका. घरात कुणीतरी भांडताना किंवा गोष्ट सांगताना जसं बोलतं ते (विचारून) मोबाइलवर रेकॉर्ड करा, मी आजीचं केलं होतं, बाजारात वांगी महाग मिळाली त्याचं सात मिनिटांचं गाऱ्हाणं. ते तसंच्या तसं, श्वासासकट बोलून बघा. मग परका ॲक्सेंट घेताना एकाच खऱ्या माणसाचा घ्या, "स्कॉटिश ॲक्सेंट" असा काही एकच नसतो, ग्लासगो आणि एडिनबरा यात तासाभराचंच अंतर आहे पण बोलणं वेगळं. माझी पहिली चांगली ऑडिशन झाली ती आजीच्या त्या सात मिनिटांवर, इंग्लिश शब्द आणि सूर तिचा.

'क्रॅकर'ची पहिली गोष्ट, ट्रेनमधल्या खुनाची आणि स्मृती गेलेल्या संशयिताची, पहिल्यांदा सबटायटल न लावता बघा. अर्धं कळणार नाही, चालतंय की. दुसऱ्यांदा लावा.