उन्हाळ्यात तळ्यावर पहाटे चारला जा

सकाळी दहाला खाद्याची पाटी घेऊन माणूस तळ्यावर जातो. पाणी हिरवं दिसतं, मासे खाद्यावर येतात, तो समाधानाने घरी परततो. दुपारी तीनला पाण्यात हात घातला की चटका बसतो, म्हणून त्याला काळजी दुपारची वाटते. पण दुपारी मासे मरत नाहीत. ते मरतात पहाटे चारपासून सूर्य वर येईपर्यंत, आणि त्या वेळी तळ्यावर कोणी नसतं. पांढरी पोटं वर आलेली तळी मी पुष्कळ पाहिली आहेत. काठाला आधी कटला मासा लागलेला असतो, तोही सगळ्यांत मोठा, विक्रीला आलेला. आणि शेतकरी दर वेळी एकच वाक्य बोलतो: "काल संध्याकाळी तर खाद्य चांगलं खाल्लं होतं." नुकसान कुठून झालं ते त्या वाक्यातच आहे.

मासा, कोळंबी, खेकडा, बेडूक यांच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितकं तापेल तितकं त्यांचं अंग तापतं. माशाच्या कल्ल्यांतून रक्त आणि पाणी इतके जवळून जातात की अंगातली उष्णता राखून ठेवायला जागाच उरत नाही. अंग तापलं की आतला सगळा कारभार वेगाने चालू लागतो. ढोबळ हिशेब असा की पाणी 10 अंशांनी तापलं तर माशाची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. त्याच वेळी पाण्यात मावणारा प्राणवायू घटतो. गोड्या पाण्यात 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना 7.5 आणि 35 अंशांना जेमतेम 7. त्यात भर म्हणजे गरम रक्ताची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकदही कमी होते. गरज वाढली, साठा घटला आणि उचलणारे हात लुळे पडले, अशी तिहेरी कोंडी आहे ही.

प्रयोगशाळेत पाणी हळूहळू तापवत नेलं तर रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) 40 अंशांच्या आसपासही तग धरते. मग आपल्या तळ्यात 33-34 अंशांना मासे का मरतात? प्रयोगशाळेच्या टाकीत हवा सोडलेली असते, म्हणून. तळ्यात तापमान माशाला थेट मारत नाही, आधी त्याचा श्वास तोडतं. म्हणून तापमापकाकडे बघून "अजून 36 झालं नाही" म्हणत निर्धास्त बसू नका.

रात्रीचा हिशेब समजून घ्या. दिवसा हिरवं पाणी, म्हणजे त्यातलं शेवाळ, प्राणवायू तयार करतं. अंधार पडला की तेच शेवाळ प्राणवायू खायला लागतं. गाळ खातो, मासे खातात. गडद हिरव्या तळ्यात तर माशांपेक्षा शेवाळ आणि गाळच जास्त खातात. संध्याकाळपासून साठा उतरत जातो आणि सूर्य उगवण्याच्या आधी तळ गाठतो. त्यात तुम्ही सहा वाजता पोटभर खाद्य घातलेलं असतं. पचन सुरू झालं की माशाला जास्त प्राणवायू लागतो, आणि ही वाढीव गरज खाल्ल्यावर काही तास चढत जाते. म्हणजे संध्याकाळच्या खाद्याची मागणी ऐन रात्री, साठा उतरत असताना येऊन पडते. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं आणि आणखी प्राणवायू ओढतं. उन्हाळ्यात संध्याकाळचं खाद्य बंद करा. दुसरं काही जमलं नाही तरी हे कराच.

पहाटे चारला बॅटरी घेऊन जा आणि हे बघा:

मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळतात का. बॅटरीचा झोत पडल्यावर ते खाली बुडाले तर अजून वेळ आहे. झोत पडूनही हलले नाहीत तर त्याच क्षणी पंप सुरू करा. कोळंबी काठाच्या उथळ पाण्यात ओळीने येऊन बसली असेल तर तळाचा प्राणवायू संपला आहे. गोगलगायी दगडांवर, खुंटांवर पाण्याबाहेर चढलेल्या दिसल्या तर मी दुसऱ्या पहाटेची वाट पाहत नाही, त्या दिवशी खाद्यच देत नाही. हे कोणत्या पुस्तकात मला सापडलेलं नाही, पण या खुणेने मला आजवर फसवलेलं नाही. वासही घ्या. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर तळाचा गाळ सडतो आहे.

प्राणवायू मोजण्याचा मीटर असेल तर उत्तम, नाहीतर थेंब टाकून रंग बघायचा संचही चालतो. मात्र मोजायचं पहाटेच. दुपारी तीनला मोजलेला आकडा मनाला बरा वाटतो, त्याचा उपयोग काही नाही. पहाटे लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर ठीक. 3 च्या खाली गेला तर त्या दिवशी खाद्य नाही. 2 च्या खाली मासे वर येतात, आणि 1 च्या खाली रोहू-कटला फार वेळ काढत नाहीत.

खाद्याचं प्रमाण पाण्याच्या तापमानाशी बांधा. हे तापमान पहाटे आणि दुपारी, दीड-दोन फूट खोलीवर घ्या. 25 ते 32 अंशांत नेहमीचं, म्हणजे तळ्यातल्या माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के. दुपारी 32 च्या वर जाऊ लागलं की निम्मं. 35 ला पोहोचलं की बंद. वेळ सकाळी नऊ-दहाची, सूर्य वर येऊन पाण्यात प्राणवायू भरू लागल्यावर. चार दिवस उपाशी राहिला म्हणून मोठा मासा मरत नाही. वजन थोडं मागे पडतं, ते नंतर भरून येतं.

सगळ्या जाती सारख्या नाहीत. ट्राउटला 10 ते 16 अंश मानवतात आणि 25 च्या आसपास तो मरणाच्या दारात असतो. तिलापिया 40 च्या जवळपासही जगतो. मरळ, मागूर, शिंगी आणि पंगस वरची हवा घेऊ शकतात, म्हणून पहाटेच्या संकटातून निभावतात. पण त्यांच्या भरवशावर तळ्यात दाटी करू नका, कारण माशांच्या उत्सर्जनातून आणि कुजण्यातून पाण्यात साठणाऱ्या अमोनियापासून हवा गिळून सुटका होत नाही. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीला 28 ते 31 अंश हवेत. ती तळाशी राहते, म्हणजे प्राणवायू आधी संपतो तिथेच, आणि कात टाकलेली कोळंबी सगळ्यांत आधी जाते. अंडी आणि अंडी घालायला आलेले मासे सर्वांत नाजूक. 2020 साली 694 जातींची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात हेच दिसलं, की प्रजननातले मासे आणि अंड्यातले भ्रूण यांना बाकीच्या माशांपेक्षा बरंच कमी ऊन सोसतं. प्रजननाचे मासे राखले असतील तर सगळ्यांत खोल, सगळ्यांत विरळ तळं त्यांना द्या.

मासा उन्हाची सवय करून घेतो, हेही खरं. पाणी दिवसाला एखाद्या अंशाने तापत गेलं तर त्याच्या पेशींची आवरणं बदलतात, प्रथिनं सावरणारी प्रथिनं तयार होतात आणि काही दिवसांत सोसण्याची मर्यादा वर सरकते. या सवयीला हद्द आहे, आणि एका तासात पाच अंशांचा फरक तिला पेलवत नाही. म्हणून बीज (लहान पिल्लं) सोडताना त्याची पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या. बोअरचं गार पाणी एकदम सोडलं तर मासे त्या कोपऱ्यात गर्दी करतात, आणि बोअरच्या पाण्यात प्राणवायू बहुधा नसतोच. ते उंचावरून, फळीवर आपटून, फवारा करून पाडा.

नेहमीची कामं:

— पाण्याची खोली दीड ते दोन मीटर राखा. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी दर आठवड्याला भरा.
— मोठे मासे काढून दाटी कमी करा, तेही ऊन वाढण्याच्या आधी.
— शेणखत, कोंबडीखत, युरिया बंद.
— पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडा. 25 ते 40 सेंटिमीटरला दिसेनाशी झाली तर बरं. 20 च्या आत दिसेनाशी झाली तर पाणी फार दाट झालं आहे, थोडं बदला.
— जाळं ओढायचं असेल तर सूर्योदयानंतर तासाभराने, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवून. पहाटे गार वाटतं म्हणून तेव्हा ओढू नका.
— तळ्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत सावलीचं जाळं किंवा दोरीने अडवलेली तरंगती वनस्पती. हा चौथा हिस्सा माझा अंदाज आहे. पूर्ण झाकलं तर पाण्यात प्राणवायू तयारच होणार नाही.

एरेटर असेल तर मध्यरात्रीपासून सूर्योदयानंतर तासाभरापर्यंत चालवा. नसेल तर शेतीचा पंप लावा. त्याचा फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) तळाशी सोडू नका, गाळ उपसला जाईल. पृष्ठभागाखाली फूट-दोन फूट ठेवा आणि पाणी हवेत फवारून त्याच तळ्यात पाडा. सगळी ताकद एकाच कोपऱ्यात लावा. पूर्ण तळं सुधारत नाही, पण मासे त्या कोपऱ्यात येऊन जगतात. उन्हाळा सुरू होतानाच दुपारी तास-दीड तास एरेटर चालवण्याची सवय ठेवली तर वरचं प्राणवायूचं पाणी खाली जातं आणि तळ सडत नाही.

आता दुकानातल्या मालाबद्दल. उन्हाळा लागला की 'ऑक्सिजनच्या गोळ्या' आणि पावडर घेऊन माणसं बांधावर येतात. त्यांतला मुख्य माल बहुधा सोडियम परकार्बोनेट असतो. चांगल्या प्रतीच्या 1 किलो मालातून सुमारे 130 ग्रॅम प्राणवायू सुटतो. एका एकराच्या, दीड मीटर खोल तळ्यात सुमारे 6,000 घनमीटर पाणी असतं. त्यात लिटरमागे फक्त 1 मिलिग्रॅम वाढवायला 6 किलो प्राणवायू लागतो, म्हणजे 46 किलो पावडर, आणि तोही एका रात्रीपुरता. विक्रेता एकराला एक-दोन किलो सांगतो. लहान टाकीत, वाहतुकीत तिचा उपयोग आहे, तळ्यात नाही. तेच पैसे पंपाच्या डिझेलला लावा.

पोटॅशियम परमँगनेट लिटरमागे 2 ते 4 मिलिग्रॅम ही बाहेरून लागणाऱ्या रोगांसाठीची मात्रा आहे. त्याने प्राणवायू वाढत नाही. उलट शेवाळ मरतं आणि पुढची रात्र अधिक वाईट जाते. प्रोबायोटिक म्हणून विकले जाणारे जिवाणूही जिवंतच असतात, तेही श्वास घेतात. संध्याकाळी ते ओतणं म्हणजे ताटात आणखी पाहुणे बसवणं. झिओलाइट (अमोनिया शोषून घेण्यासाठी विकलं जाणारं खनिज) खाऱ्या पाण्यात अमोनियावर जवळजवळ काम करत नाही. अँटिबायोटिकला तर हातच लावू नका, श्वास कोंडलेल्या माशाला त्याचा काही उपयोग नाही.

चुन्याबद्दल सावध राहा. वर्षभरात हेक्टरी 200 ते 250 किलो, हप्त्याहप्त्याने, ही नेहमीची शिफारस आहे. पण दाट हिरव्या पाण्याचा सामू (pH) दुपारी आधीच वर गेलेला असतो. सामू 8 आणि पाणी 30 अंश असताना एकूण अमोनियातला सुमारे साडेसात टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू 9 झाला की हाच भाग 45 टक्क्यांच्या घरात जातो. अशा पाण्यात चुना टाकला की सामू आणखी चढतो. दुपारचा सामू 8.5 च्या वर असेल तर चुन्याचं पोतं उघडू नका.

सगळ्यांत धोक्याची वेळ तापलेल्या दिवसांनंतरच्या पहिल्या वादळी पावसाची. उन्हात तळ्याचे दोन थर होतात, वर गरम हलकं पाणी आणि खाली गार, जड, प्राणवायू संपलेलं पाणी. वारा आणि गार पाऊस ते एका रात्रीत घुसळून काढतात. तळाचं सडकं पाणी वर येतं, ढगांमुळे शेवाळाचं कामही थांबलेलं असतं. सगळ्यांना पाऊस आला म्हणून बरं वाटतं, आणि त्याच पहाटे तळं जातं. आभाळ भरून आलं की त्या दिवशी खाद्य शून्य, रात्रभर पंप, आणि झोप तळ्यावर. पाऊस थांबल्यावरही पुढच्या दोन पहाटे सोडू नका.

मरतूक झालीच तर आधी कोणते मासे गेले ते बघा. मोठे आधी गेले आणि पहाटे गेले तर प्राणवायू. लहान आधी गेले, दिवसभर मरत राहिले तर विष किंवा रोग, अशा वेळी पाणी बाटलीत भरून ठेवा आणि जवळच्या मत्स्यतज्ज्ञाला दाखवा. मेलेले मासे त्याच दिवशी सगळे काढून लांब पुरा, तळ्यात राहिलेला प्रत्येक मासा कुजताना उरलेल्यांचा प्राणवायू घेतो. जगलेल्यांना तीन दिवस खाद्य देऊ नका, जाळं लावू नका, कोणतंही औषध घालू नका. चौथ्या दिवशी पहाटे प्राणवायू मोजा, 4 च्या वर आला असेल तर सकाळी दहाला नेहमीच्या चौथ्या हिश्शाने सुरुवात करा.