माळ्यावरचं पीए मशीन: ट्रान्झिस्टर बदलण्याआधी तो का गेला ते शोधा

गणपती महिन्यावर आले की आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या मंडळाचा माळा उघडतो. मखराच्या फळ्या, विजेच्या माळा, आणि सगळ्यात खाली गोणपाटात गुंडाळलेलं ५० वॅटचं जुनं ट्रान्झिस्टर पीए मशीन, म्हणजे माईकचा आवाज वाढवून कर्ण्यांना देणारा अ‍ॅम्प्लिफायर. पहिला हात लावणारा कार्यकर्ता हमखास म्हणतो, "लावून बघूया की, चालतंय का!" तेवढं मात्र करू देऊ नका. अकरा महिने बंद पडलेल्या मशीनला थेट २३० व्होल्ट दाखवले, तर आत जे थोडंसं बिघडलेलं असेल ते पुरतं जळून जातं.

ही मशीनं दुरुस्त करायला खरं तर सोपी. हीटसिंकवर बशीसारखे दोन मोठे धातूचे ट्रान्झिस्टर, बहुधा २एन३०५५. त्यांच्या अलीकडे छोटा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर आणि पलीकडे जाडजूड आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मागच्या पट्टीवर कर्ण्यांच्या तारा जोडायचे ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्टचे पेच. आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर मशीन शाबूत समजा. बाकी सगळं बाजारात मिळतं, तो तसाच्या तसा मिळणं कठीण.

प्लग काढा, झाकण उघडा, पण लगेच आत हात घालू नका. मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. १०० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला दोन्हीकडे क्लिपा लावून तो कंडेन्सरच्या टोकांवर काही सेकंद धरा आणि मग मीटरने व्होल्टेज बघा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची जुनी सवय सोडा. मग कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ झाडा. ठाण्याची हवा खाडीची, त्यात पावसाळा, त्यामुळे सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर हमखास सापडतो. आणि झुरळं तर असतातच.

कॉर्ड दोन तारांची असेल तर आत्ताच तीन तारांची बसवा आणि हिरवी अर्थिंगची तार चासिसला, म्हणजे मशीनच्या धातूच्या सांगाड्याला, पेचाने घट्ट आवळा. भर पावसात मांडवात उभं राहून माईक धरणाऱ्याचा जीव या एका तारेवर असतो.

आता फ्यूज काढून उजेडात धरा. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत शॉर्ट आहे. तार नुसती मधोमध तुटली असेल तर फ्यूज कदाचित म्हातारपणाने गेला असेल. फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली, तर आधीच्या कोणीतरी रोग झाकलाय हे ओळखा. मागच्या पट्टीवर छापलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला.

मीटर डायोड रेंजवर ठेवा आणि दोन्ही २एन३०५५ तपासा. ट्रान्झिस्टरला तीन टोकं असतात: बेस, एमिटर आणि कलेक्टर. याची धातूची टोपी म्हणजेच कलेक्टर. बेसवर लाल प्रोब ठेवून एमिटर आणि टोपी, दोन्हीकडे ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसायला हवेत. टोपी आणि एमिटर यांच्यात बीप वाजली तर तो ट्रान्झिस्टर गेला. शंका आली तर काढून तपासा, कारण सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगमुळे मीटर फसतो. एक गेला तरी दोन्ही बदला, आणि एमिटरचे लहान ओहमचे रेझिस्टरही मोजा, कारण ते बरेचदा सोबतच जातात. सुटे भाग घ्यायला मी अजूनही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोड गाठतो. मात्र २एन३०५५ चे नकली नग भरपूर फिरतात, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

बसवताना खाली अभ्रकाचा पातळ वॉशर, त्याच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा अगदी पातळ हात, आणि स्क्रूंना इन्सुलेटिंग बुश. पेस्ट जास्त थापली म्हणजे जास्त थंड राहतं असं नाही, उलटच होतं. एकदा घाईत मी चिरलेला अभ्रक परत लावला होता. नवे दोन्ही ट्रान्झिस्टर आरती सुरू व्हायच्या आत गेले. तेव्हापासून तारा जोडण्याआधी टोपी आणि हीटसिंक यांच्यात बीप वाजत नाही ना, हे बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

यानंतर सिरीज बोर्ड. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब मशीनच्या फेजमध्ये सिरीजला लावा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्विच टाका. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, शॉर्ट अजून आतच आहे. बल्ब मंद झाल्यावर दोन्ही टोप्यांवरचा डीसी व्होल्टेज मोजा. तो जवळजवळ सारखा हवा. मगच बल्ब काढून थेट लाइनवर या, आणि दहा मिनिटं हीटसिंकला हात लावून बघत राहा. काहीही वाजत नसताना तो तापत असेल तर बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला आवाज नसतानाही दिलेला थोडासा करंट, बिघडलाय.

घुमघुम आवाज आणि तोही व्हॉल्यूम शून्यावर असताना, म्हणजे फिल्टर कंडेन्सर सुकला. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि शक्यतो १०५ अंशांचा. प्लस-मायनस उलटं लागलं तर तो फुटतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर पॉटमध्ये (व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता रेझिस्टर) कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवा. खोबरेल तेल नको, ते धूळ धरून ठेवतं. साफ करूनही खरखर राहिली तर दोष पॉटचा नसेल, मागचा कपलिंग कंडेन्सर डीसी गळू देत असेल.

चाचणी कधीही लोडशिवाय, म्हणजे आउटपुटला कर्णा किंवा तेवढ्या ओहमचा रेझिस्टर न लावता, घेऊ नका. ८ ओहमच्या पेचावर ८ ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा (चटका बसेल इतका तापतो) आणि मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा टोन द्या. आवाज वाढवत २० व्होल्ट एसी मिळाले की पूर्ण ५० वॅट आले. काही सेकंदांत बंद करा.

आता मूळ प्रश्न, ट्रान्झिस्टर गेलाच का. आमचं मशीन सलग तीन वर्षं तिसऱ्या दिवशी जळायचं. दरवेळी ट्रान्झिस्टर बदलले जायचे, पण ते का जातात हे कोणी शोधलं नाही. शेवटी कळलं: एक पोरगा १६ ओहमचा कर्णा थेट १०० व्होल्टच्या पेचावर जोडायचा, आवाज मोठा येतो म्हणून. ५० वॅटच्या मशीनला त्या पेचावर २०० ओहमचा लोड अपेक्षित असतो, आणि ओहम जितके कमी तितका लोड जड, म्हणजे त्याने साडेबारा पट जड लोड लावला होता. १०० व्होल्टची लाइन फक्त लाइन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज कमी करून कर्ण्याला देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावलेल्या कर्ण्यांसाठी आहे, आणि त्या सगळ्यांचे वॅट मिळून ४०-४५ च्या आत ठेवा. साधे १६ ओहमचे दोन कर्णे समांतर जोडले तर ८ ओहमचा पेच, चार जोडले तर ४ चा. दोन्ही तऱ्हा एकाच वेळी नकोत.

१०० व्होल्टच्या पेचावर आता लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, आणि त्या पोराला मशीनजवळ उभं राहायची परवानगी आहे, हात लावायची नाही.