पेनड्राइव्ह दिसना, प्रिंटर छापना, थंब घेईना? विंडोज उडवायच्या आधी या चुका टाळा

जुलै म्हणजे पीक विम्याचे दिवस, सेवा केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. अशातच गंगाखेडकडच्या एका खेड्यातला केंद्रवाला पोरगा अख्खा सीपीयू पोत्यात बांधून मोटारसायकलवर परभणीला माझ्या दुकानात आला, वरून पाऊस. म्हणला, दादा मशीन थंबच घेईना गेलंय, दोनदा विंडोज मारली तरी तेच. मी म्हणलं थंबचं मशीन आणलंस का? ते आणलं होतं. मागच्या पोर्टात थेट लावलं, पहिल्या फटक्यात लाल लाईट, अंगठा, ओके. पोरगं माझ्या तोंडाकडं बघायलं. मग विचारलं घरी कशाला लावलं होतंस, तर म्हणे हबला, म्हणजे एका पोर्टाची चार तोंडं करणाऱ्या डबीला, आणि त्या हबला आणखी कायकाय, तर वेबकॅम, कीबोर्ड, माउस, पाहुण्याचा मोबाईल चार्जिंगला. हब घरीच राहिलं आणि बिघाडबी घरीच राहिला. दोन फॉरमॅटमध्ये डेस्कटॉपवर ठेवलेले गिऱ्हाइकांचे स्कॅन केलेले सातबारे गेले ते गेलेच.

आपल्याकडं काहीबी झालं की विंडोज मारायची सवय लागलीये. पण डिव्हाइस चालायला आधी करंट लागतो, मग डेटाची वायर, मग कॉम्प्युटरनं त्याला ओळखणं, मग ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्या डिव्हाइसशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, आणि सगळ्यात शेवटी ते सॉफ्टवेअर. बिघाड बहुतेकदा पहिल्या दोनात असतो, आणि आपण सुरुवात करतो शेवटाकडून.

पोर्ट दिसलं की लाव, ही पहिली चूक

यूएसबी १९९६ साली आलं, इंटेलमधल्या ज्या टीमनं त्यात मोठं काम केलं त्यात आपल्या बडोद्याचे अजय भट्ट होते. त्याआधी कीबोर्डला वेगळं गोल पोर्ट, प्रिंटरला पंचवीस पिनांचं रुंद, मोडेमला आणखी तिसरंच. यूएसबीनं सगळं एका भोकात आणलं, पण त्यामुळं आपला असा समज झाला की भोक सारखं म्हणजे ताकदबी सारखीच. तसं नसतं. यूएसबी २.० चं पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. बिनअडॅप्टरचं चार तोंडाचं हब लावलं तरी मागून येणारा करंट तेवढाच, चार भावांत एक भाकर. त्यात थंबच्या मशीनचा लाईट लागला की ते जास्त ओढतं, व्होल्टेज पडतं, मशीन बंद होतं, परत चालू होतं, आणि तुम्हाला वाटतं सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे.

हे ओळखायचं कसं, तर कान द्या. डिव्हाइस लावलं की विंडोजचा आवाज खालून वर जातो, काढलं की वरून खाली. तुम्ही हात लावला नाही आणि तरी अंगठा ठेवला की ‘टुडुंग’ वाजतंय, म्हणजे ते मधेच तुटायलंय. स्पीकर म्यूट करून बसणाऱ्यांना हे कधीच कळत नाही.

समोरचे पोर्टबी असेच. ते आतून एका बारक्या वायरनं मदरबोर्डला जोडलेले असतात, ती वायर ढिली झाली, तिथं धूळ बसली, रोज काढघाल करून पत्रा वाकला की पेनड्राइव्ह चालतो पण स्कॅनर चालत नाही. जास्त करंट खाणारी, सतत लागणारी डिव्हाइसं कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात, जी थेट मदरबोर्डवर असतात, आणि समोर फक्त पेनड्राइव्ह. हब लागतच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेलं घ्या. आणि वायर लांबवू नका, यूएसबी २.० ला जास्तीत जास्त ५ मीटर सांगितलंय आणि तेबी चांगल्या वायरला, आपण दोन साध्या एक्स्टेन्शन जोडून प्रिंटर पलीकडच्या खोलीत नेतो आणि मग अर्ध्या पानावर छपाई थांबते.

चार्जिंग होतंय म्हणजे वायर चांगली, असं नाही

यूएसबी २.० च्या वायरीत आत चार तारा असतात. दोन करंटच्या, दोन डेटाच्या. बाजारातल्या काही स्वस्त चार्जिंग वायरींत डेटाच्या दोन तारा टाकलेल्याच नसतात. मोबाईल लावला, चार्ज होतोय, पण कॉम्प्युटरवर काहीच येत नाही, आवाज नाही, मेसेज नाही. अशा वेळी आधी मोबाईल अनलॉक करून नोटिफिकेशनमधून फाइल ट्रान्स्फर निवडा, कारण अँड्रॉइड फोन सहसा आधी फक्त चार्जिंगवरच राहतात. तरी नाही आलं तर वायर बदला. ड्रायव्हर शोधत बसू नका, जिथं डेटाची तारच नाही तिथं ड्रायव्हर बिचारा काय करणार.

आत काय चालतं ते थोडं सांगतो, त्यानं पुढचं सोपं जातं. डिव्हाइस लावलं की ते डेटाच्या एका तारेवर व्होल्टेज वर खेचतं, त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की कोणीतरी आलंय. मग कॉम्प्युटर त्याला एक पत्ता देतो आणि विचारतो तू कोण, ते आपला कंपनी नंबर आणि प्रॉडक्ट नंबर सांगतं, मला किती करंट लागंल तेबी सांगतं, मग कॉम्प्युटर त्या नंबरांवरून ड्रायव्हर शोधतो. पुढंबी यूएसबीत डिव्हाइस आपणहून बोलतच नाही, कॉम्प्युटर विचारंल तेव्हाच ते उत्तर देतं. साधा माउससुद्धा सहसा सेकंदाला १२५ वेळा विचारला जातो, हाललास का, हाललास का. एकदम जुन्या सासुरवाशिणीसारखं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

म्हणून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या डिव्हाइसांची यादी, उघडा आणि पिवळं तिकोन कुठंय आणि कोड किती ते बघा. कोड २८ म्हणजे ओळख पटली पण ड्रायव्हर टाकलेलाच नाही, हा सगळ्यात सोपा. कोड ४३ आणि नाव ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असं असंल, त्यातून डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल असं लिहिलेलं असंल, तर ‘तू कोण’ला नीट उत्तरच आलेलं नाही. म्हणजे वायर, पोर्ट, करंट किंवा मशीनच. तिथं ड्रायव्हर टाकत बसणं म्हणजे नाव माहीत नसलेल्या माणसाच्या घरी टपाल पाठवणं. आणि तिथं काहीच दिसत नसंल, लावलं-काढलं तरी लिस्ट हालतबी नसंल, तर सरळ दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. ही दोन मिनिटांची तपासणी लोक का करत नाहीत मला खरंच कळत नाही.

थंब मशीनचं एक वेगळं

आधारच्या कामाला नुसता ड्रायव्हर पुरत नाही, आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो. तुमचा ठसा सांकेतिक करून मगच पुढं जावा यासाठी ही सर्व्हिस आहे. वेबसाइट थेट मशीनशी बोलत नाही, ती तुमच्याच कॉम्प्युटरवर ११,१०० ते ११,१२० या नंबरांच्या पोर्टवर (हे वायरीचं भोक नव्हं, सॉफ्टवेअरमधलं दार) आरडी सर्व्हिसला हाका मारते. सर्व्हिस बंद असंल किंवा अँटिव्हायरसनं तो रस्ता अडवला असंल तर मशीनचा लाईट लागतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसतं, आणि वेबसाइट म्हणते डिव्हाइस नॉट फाउंड. अशा वेळी विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती चालू आहे का बघा, आणि आरडीची मुदत संपलीये का तेबी बघा, कारण ती ठराविक काळानं रिन्यू करावी लागते. मुदत संपलेलं मशीन घेऊन चार पोर्ट बदलणारे लोक मी बघितलेत.

मोंढ्यातला काटा

एका आडत दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा कॉम्प्युटरला जोडलेला, वजन थेट बिलात येतं. सोयाबीनचा सीझन, दुकानापुढं ट्रॅक्टर उभे, आणि मुनीम फोनवर ओरडायलेत, वजन येईना. गेलो. कोणीतरी झाडताना कन्व्हर्टर काढून शेजारच्या पोर्टात लावलं होतं, बस एवढंच.

काटे बहुतेक जुन्या नऊ पिनी सीरियल पोर्टावर बोलतात, कॉम्प्युटरला आता ते पोर्ट नसतं म्हणून यूएसबीचं कन्व्हर्टर लावतात. बऱ्याच कन्व्हर्टरचं असं की पोर्ट बदललं की विंडोज त्याला नवा कॉम नंबर, म्हणजे सीरियल पोर्टाचा नंबर, देते. सॉफ्टवेअर वाट बघतंय कॉम ३ वर, काटा बोलतोय कॉम ७ वर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून नंबर परत ३ केला, काम झालं. मग मी त्या पोर्टावर मार्करनं ‘काटा’ लिहून ठेवलं, तुम्हीबी लिहा. आणि वजनाच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येत असतील तर बोलण्याचा वेग जुळत नाही असं समजा. काटा ९६०० वर असंल तर सॉफ्टवेअरबी ९६०० वरच पाहिजे, सीरियलमध्ये यूएसबीसारखं विचारून घेणं नसतं, दोघांनी आधीच ठरवलेलं असावं लागतं.

प्रिंटर

नवीन प्रिंटर आणला की लोक आधी वायर खुपसतात. बऱ्याच प्रिंटरला आधी सॉफ्टवेअर टाकायचं आणि ते सांगंल तेव्हाच वायर लावायची असते, बॉक्समधल्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद पहिल्यांदा वडापावखाली जातो. दुसरं, प्रिंटरची वायर या पोर्टातून त्या पोर्टात घातली की विंडोज कधीकधी त्यालाच नवीन प्रिंटर समजून ‘कॉपी १’ तयार करते, जुना ऑफलाइन दिसतो आणि आपण जुन्यालाच प्रिंट देत बसतो. वीस प्रिंट रांगेत अडकल्या की कॅन्सल केलं तरी जात नाहीत, तेव्हा सर्व्हिसेसमध्ये छपाईची रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर थांबवायचा, विंडोजच्या सिस्टीम ३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स म्हणून फोल्डर आहे ते आतून रिकामं करायचं, स्पूलर परत चालू करायचा. वायफायचा प्रिंटर लाईट जाऊन आल्यावर ऑफलाइन होत असंल तर बहुतेक राउटरनं त्याला नवा पत्ता दिलाय, पत्ता कायमचा बांधून घ्या.

अर्थिंग, ज्याचा कोणी विचारच करत नाही

हे जरा लांबंल, पण आपल्या भागात यानंच सगळ्यात जास्त पोर्ट जळतात असं माझं मत आहे.

मागं मे महिन्यात, बेचाळीसच्या पुढं ऊन, माझ्याच दुकानात प्रिंटरची वायर सीपीयूला लावायला गेलो आणि पत्र्याला पत्रा लागताच बारीकशी ठिणगी. प्रिंटरचं यूएसबी गेलं, तेबी गिऱ्हाइकाच्या. टेस्टर कॅबिनेटला लावला तर मंद पेटायला. मीटरनं बघितलं तर कॅबिनेट आणि जमिनीत शंभराच्या वर व्होल्ट.

कारण असं की कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमध्ये, विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून, आणि दोन्हींची दुसरी बाजू पत्र्याला. अर्थिंग असंल तर तिथला बारीक करंट जमिनीत जातो, कळतबी नाही. अर्थिंग नसंल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास तरंगत राहतो. करंट बारीक असतो म्हणून आपल्याला नुसत्या झिणझिण्या येतात, पण प्रिंटर दुसऱ्या बोर्डावर आणि कॉम्प्युटर इकडं असं असंल तर तो सगळा फरक यूएसबीच्या वायरीतून वाट काढतो, आणि तिथली चिप ५ व्होल्टच्या वर फारसं सोसत नाही.

दुकानात अर्थिंग होतं हो, पण उन्हाळ्यात काळी जमीन हातभर भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच राहतं. वायरमनला बोलावून मीठ-कोळसा नवा भरला, आता एप्रिल लागला की आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी टाकतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर सगळं एकाच तीन पिनी बोर्डावर. तीन पिनीची वरची जाड पिन मोडून दोन पिनीत खुपसणारे महाभाग आहेत, त्यांनी तर पोर्ट जळाल्याची तक्रारच करू नये. आणि प्रिंटरसारख्या मोठ्या मशीनची वायर कॉम्प्युटरला जोडायची तेव्हा दोन्हींचे स्विच बंद करून जोडायची.

पेनड्राइव्ह, आणि एक-दोन बारकी गोष्टी

‘फॉरमॅट करायचं का’ असा मेसेज आला की यस दाबू नका. आत डेटा बहुतेकदा असतो, फक्त त्याची यादी बिघडलेली असते, बहुतेक वेळा कॉपी चालू असताना उपटल्यामुळं. डेटा महत्त्वाचा असंल तर त्यावर काहीही नवीन न टाकता आधी रिकव्हरी करून बघा. मोठी फाइल जातच नसंल आणि जागा तर भरपूर दिसत असंल, तर पेनड्राइव्ह बहुतेक फॅट ३२ या फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीवर आहे, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ न्यायला आलेल्या प्रत्येकाचं हेच. डेटा काढून घेऊन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की जाते.

निळ्या पोर्टात यूएसबी ३.० चा पेनड्राइव्ह लावून बी स्पीड रडका असंल तर काढून परत झटक्यात घाला. हे ऐकून लोक हसतात, पण हळूहळू घातला तर जुन्या चार पिना आधी टेकतात आणि कॉम्प्युटर त्याला २.० समजून बसतो.

आणि वायरलेस माउस अडखळायला लागला, सेल बदलले तरी तेच, तर बाजूच्या पोर्टात यूएसबी ३.० ची हार्डडिस्क लावलीये का बघा. ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि माउसचा डोंगलबी तिथंच ऐकत असतो. डोंगल हार्डडिस्कपासून लांब न्यायचा. वर एक्स्टेन्शन वायरीला एवढ्या शिव्या दिल्या, पण इथं एक फुटाची घ्याच, माझ्या काउंटरवर तशीच एक लावलेली आहे.