सोनचाफ्याचे कलम पिवळे पडत असेल, तर या चुका टाळा

सोलापुरात नवे घर बांधले की फाटकाजवळ एक सोनचाफा लावायचा, असा जणू रिवाजच आहे. कोकणातून किंवा पुण्याकडच्या रोपवाटिकेतून कमरेइतके कलम येते, पहिल्या पावसाळ्यात दोन-चार फुले देते आणि पुढच्या मार्चपासून त्याची पाने पिवळी पडू लागतात. मग घरातला प्रत्येक जण त्याला काही ना काही घालू लागतो: कोणी युरिया, कोणी ओले शेण, कोणी सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी. मी पाहिलेली बहुतेक झाडे मूळ दुखण्यापेक्षा या शुश्रूषेनेच दगावली आहेत.

सर्वप्रथम झाड जिवंत आहे का, हे पाहावे. फांदीच्या टोकापासून खाली येत जागोजागी नखाने साल किंचित खरवडावी. आतून ओलसर हिरवा रंग दिसला तर तेथपर्यंत जीव आहे, तपकिरी आणि कोरडे दिसले तर नाही. कलमी झाडात ही तपासणी सांध्याच्या वर करावी, कारण सांध्याखालून फुटलेली जोमदार पालवी पाहून आपण सुखावतो आणि ती असते मात्र खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधले त्याची. असे फुटवे लगेच काढून टाकावेत.

यानंतर पिवळेपणा नीट वाचावा. खालची, जुनी पाने आधी पिवळी होत असतील तर नत्राची उणीव संभवते. कडा करपत असतील तर बोअरच्या पाण्यातील क्षार किंवा उन्हाळी झळा यांचा संशय घ्यावा. आणि शेंड्याची नवी पाने फिकट पिवळी होऊन त्यांतल्या शिरा तेवढ्या हिरव्या राहत असतील, तर ती लोहाची कमतरता समजावी. आपल्याकडे हा शेवटचा प्रकार फार आढळतो. जमिनीत लोह नसते असे नाही. काळ्या जमिनीत चुनखडी असते, सामू (आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा, पीएच) ८ च्या आसपास असतो आणि त्या स्थितीत लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. नव्या बंगल्याच्या अंगणात बांधकामाचा राडारोडा पुरलेला असेल, तर सिमेंट आणि चुना त्यात भरच घालतात. डाळिंब अशा जमिनीत निभावून नेते; किंचित आम्ल, निचऱ्याच्या मातीची आवड असलेल्या सोनचाफ्याला ते साधत नाही. येथे युरिया टाकल्याने मूळ प्रश्नाला हातही लागत नाही.

निदानाची खात्री एकाच फांदीवर करता येते. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी त्या फांदीवर फवारावे. आठ-दहा दिवसांत जेथे थेंब पडले होते तेथे पिवळ्या पानावर हिरवे ठिपके उमटले, तर निदान बरोबर आहे. हिराकस फिकट हिरवी असावी, गंजासारखी तांबूस झालेली घेऊ नये. द्रावणही ताजेच वापरावे. (खाली शहाबादी फरशी असेल तर ती आधी झाकावी, तिच्यावरचे तांबडे डाग मी अजून घासतो आहे.) हीच हिराकस मुळाशी ओतणे मात्र व्यर्थ, कारण चुनखडीत तिचेही तेच होते. जमिनीतून द्यायचे असल्यास ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड (सेंद्रिय रेणूत बांधून ठेवलेले) लोह मागावे. ईडीटीए प्रकार आपल्या जमिनीत टिकत नाही.

माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक पाण्याची होती. रोज पाणी घालूनही कलम मान टाकत होते, म्हणून मी एप्रिलमध्ये पाणी दुप्पट केले. अखेर एके दिवशी एक काडी खोडाशेजारी आणि दुसरी हातभर अंतरावर वीतभर आत खुपसली. बाहेरच्या काडीला काळा चिखल चिकटून आला, तर खोडाशेजारची काडी कोरडी, तिला फक्त तांबडी धूळ लागलेली. रोपासोबत आलेली लाल मातीची हुंडी एकदा पूर्ण वाळली की सहज भिजत नाही. भोवतीची काळी माती वाळताना आकसते, हुंडीभोवती फट पडते आणि ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. त्यानंतर मी हुंडीवरच थेंब थेंब, दोन-तीन तास पाणी सोडले, फट मातीने बुजवली आणि नंतर आठवड्यातून दोनदाच, पण काडी घालून पाहूनच पाणी दिले.

सप्टेंबरात, म्हणजे सोलापूरचा खरा पाऊस पडतो तेव्हा, याच्या नेमके उलट घडते. चिकण मातीत पहारीने खोदलेल्या खड्ड्याचा हौद होतो, मुळे गुदमरतात आणि माती ओली असूनही पाने लोंबतात. ती तहान समजून आपण आणखी पाणी घालतो. शंका असल्यास शेजारी फूटभर खोल खड्डा करून तो दोनदा पाण्याने भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही उभे असेल, तर दोष निचऱ्याचा आहे.

आळे दुहेरी करावे, म्हणजे आतल्या वरंब्यामुळे खोड कोरडे राहते आणि पाणी फांद्यांच्या घेराखाली मुरते. त्यात उसाच्या पाचटाचा चार बोटे थर खोडापासून वीतभर दूर पसरावा. एअर कंडिशनरचे पाणी क्षारविरहित असल्याने या झाडाला अवश्य द्यावे, आरओ यंत्रातून वाया जाणारे देऊ नये. पश्चिमेकडून ५० टक्के सावलीची जाळी मेअखेरपर्यंत पुरते. ओल्या शेणाने मुळे भाजतात आणि हुमणीही (मुळे खाणारी अळी) येते, तेव्हा कुजलेलेच शेणखत वापरावे. आधाराच्या काठीची सुतळी सालीत रुतत असेल तर सोडवावी.

उन्हाळ्यात छाटणी, खत आणि जागाबदल यांपैकी काहीही करू नये. मृगानंतर येणारी पालवी कशी आहे, त्यावरून पुढचे ठरवावे: ती हिरवी आली, तर दर पंधरा दिवसांनी दोन-तीन फवारण्या पुरेशा होतात, ती पुन्हा पिवळीच आली आणि निचऱ्याची चाचणीही फसली, तर जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर, कलम हुंडीसह उचलून फूटभर उंच वरंब्यावर लावावे. उचलताना तळाशी प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा राहिलेला आहे का, हे तेवढे पाहावे. माझ्या कलमाखाली तो होता.