शाळेच्या पटांगणात सहकुटुंब सिनेमा: कसा भरवाल?

डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगसाठी शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, साउंडवाला येतो आणि कार्यक्रम संपला की सगळं उतरवलं जातं. सिनेमाची संध्याकाळ याला जोडून ठेवा. मांडववाल्याशी आधीच बोलून ठेवलं तर आणखी एका रात्रीसाठी दर कमी करून घेता येतो. वाहतूक आणि उभारणी तर झालेलीच असते. शिवाय पावसाची भीती नसते आणि अंधार लवकर पडतो. डिसेंबरात मुंबई-पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, विदर्भात त्याच्याही आधी. म्हणजे पावणेसातला सिनेमा सुरू करता येतो. मे महिन्यात सात वाजले तरी उजेड असतो, आणि मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात.

वार शनिवारच बरा, दुसऱ्या दिवशी डबे करायचे नसतात. तारीख ठरवताना भारताची क्रिकेट मॅच, गावची जत्रा आणि लग्नाची दाट तिथी एवढं पाहून घ्या. कोणीतरी कोजागिरी सुचवेलच. चांदण्याने पडदा फिका पडेल ही भीती काढून टाका, चंद्राचा उजेड प्रोजेक्टरपुढे नगण्य असतो. आडवा येतो तो पटांगणाच्या कोपऱ्यातला दिव्याचा खांब. तो कोण आणि कुठून बंद करतं, हे आधी शोधून काढा.

परवानग्या

मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर विषय शाळा व्यवस्थापन समितीत ठेवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे कामाला लागणारी माणसंही तिथेच मिळतात. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्यात अर्ज करावा लागतो. रात्री दहानंतर तो बंदच ठेवायचा असतो, पण तुमचा कार्यक्रम नऊ-सव्वानऊला संपायलाच हवा.

सिनेमाच्या हक्कांकडे बहुतेक शाळा काणाडोळा करतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळांना सवलत आहे: शाळेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो, मात्र प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि शाळेच्या कामाशी थेट संबंधित माणसं एवढेच असावेत. त्यामुळे 'सर्वांना आग्रहाचं निमंत्रण' असा मेसेज गावभर फिरवू नका, आणि तिकीटही लावू नका. आजी-आजोबा, धाकटी भावंडं, आत्या, काका, शेजारी अशा सगळ्यांना बोलवायचं असेल तर निर्मात्याला किंवा वितरकाला पत्र पाठवून लेखी परवानगी मागा. घरच्या ओटीटी खात्यावरून सिनेमा लावू नका, ती वर्गणी खासगी वापरापुरती असते.

सिनेमा निवडताना

प्रमाणपत्र 'यू' असावं. 'यूए'मध्ये आता ७+, १३+ आणि १६+ असे भाग केलेले आहेत. बालवाडीपासूनची भावंडं येणार असतील तर त्या वाटेला जाऊच नका. लांबी दीड तास, फार तर पावणेदोन. भाषा अशी हवी की आजीला पडद्याखालची अक्षरं वाचावी लागू नयेत. परदेशी ॲनिमेशनपट मुलांना आवडतात खरे, पण त्यात मोठी माणसं पंधराव्या मिनिटाला मोबाइल काढतात, आणि मग ते सहकुटुंब राहत नाही. मुलांकडून तीन नावं मागवा, शेवटचा निर्णय दोन शिक्षक आणि दोन पालकांनी घ्यावा. मात्र त्या चौघांनी सिनेमा आधी पूर्ण पाहिलेला असला पाहिजे. ट्रेलरवर विश्वास ठेवू नका.

पडदा आणि प्रोजेक्टर

शाळेच्या इमारतीची सपाट, पांढरा रंग दिलेली भिंत मिळाली तर पडद्याचा विचारही करू नका. नाहीतर मांडववाल्याकडून पडदा घ्या. चादर बांधायची असेल तर चारही बाजूंनी ताणून बांधा, नुसती वरून सोडलेली चादर वाऱ्यावर फुगते आणि नायकाचा चेहरा लांब-रुंद होत राहतो.

अंधारात दहा फूट रुंद चित्राला तीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर पुरतो. साधारण प्रोजेक्टर त्यासाठी पडद्यापासून पंधरा ते वीस फुटांवर ठेवावा लागतो, म्हणजे तो प्रेक्षकांच्या मधोमध येतो. त्याच्याभोवती बाकं लावून कुंपण करा आणि वायरींवर सतरंजी न टाकता रुंद चिकटपट्टी मारा. सगळे खाली बसणार असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर हवी.

आवाज

पैसे वाचवायचेच असतील तर पडद्यावर वाचवा, आवाजावर नको. चित्र थोडं फिकं असलं तर लोक चालवून घेतात. संवाद कळले नाहीत की मागच्या रांगा गप्पांना लागतात आणि मग पुढच्यांनाही काही ऐकू येत नाही. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर खोलीपुरता असतो. प्रार्थनेचा कर्णा सूचनांसाठी ठीक, सिनेमासाठी कर्कश. साउंडवाल्याकडून स्टँडवरचे दोन स्पीकर घ्या आणि ते पडद्याच्या दोन्ही बाजूंना, माणसांच्या डोक्यापेक्षा उंच ठेवा. जोडणी वायरनेच करा, कारण ब्लूटूथने आवाज मागे पडतो आणि ओठ आधी हलतात.

आणखी एक गोष्ट साउंडवालेही विसरतात. अनेक चित्रपटांचा आवाज सहा वाहिन्यांचा असतो आणि संवाद मधल्या वाहिनीत असतात. लॅपटॉपवर आउटपुट 'स्टिरिओ' केलेलं नसेल तर गाणी दणदणीत वाजतात आणि माणसं पुटपुटतात. म्हणून चाचणी गाण्यावर घेऊ नका. दोन माणसं हळू बोलतायत असा प्रसंग लावा आणि शेवटच्या रांगेच्या जागी जाऊन उभे राहा. पटांगणाऐवजी सभागृहात दाखवणार असाल आणि तिथे पत्र्याचं छत असेल तर आवाज घुमतो. भिंतींवर जाड पडदे किंवा सतरंज्या टांगल्या की बराच फरक पडतो.

ही चाचणी आदल्या संध्याकाळी, सिनेमाच्याच वेळेला घ्या. दुपारी घेतली तर रस्त्यावरचा उजेड आणि शेजारच्या मंदिराची आरती लक्षात येत नाही.

वीज

सिनेमा लॅपटॉपमध्ये उतरवलेला हवा, शिवाय पेनड्राइव्हवर एक प्रत. नेटच्या भरवशावर राहू नका. लॅपटॉपची झोप आणि मेसेजच्या सूचना बंद करा, नाहीतर ऐन रंगात सरांचे व्हॉट्सॲप निरोप पडद्यावर येतात. दिव्याचा प्रोजेक्टर वीज गेल्यावर गार झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही, म्हणून त्याला छोटा यूपीएस जोडा. वीज वारंवार जाणाऱ्या गावात जनरेटर सांगून ठेवा आणि तो पटांगणापासून दूर, इमारतीच्या मागे ठेवा.

बैठक आणि खाणं

पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी एका कडेला बाकं. पहिली रांग पडद्यापासून पंधरा फुटांवर. शाली, स्वेटर आणि टॉर्च आणायला निरोपातच सांगा. खेड्यात पटांगण दिवसाउजेडी झाडून, गवत काढून घ्या; विंचवाला सिनेमाचं आमंत्रण नसतं.

खायला भेळ, वडापाव, चहा, मुलांना पॉपकॉर्न, बास. शेगडी कापडी मांडवापासून लांब ठेवा. खाणं सिनेमा सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात आणि पंधरा मिनिटांच्या मध्यंतरातच द्या. चालू सिनेमात कागद कुरकुरले की तुम्ही आवाजावर केलेली मेहनत वाया. स्वच्छतागृहातले आणि तिथवरच्या वाटेवरचे दिवे मात्र चालू राहू द्यात.

मुलाला सोडून घरी जायचं नाही, हे निरोपात ठळक लिहा. फाटकावर दोन पालक वहीत नावं घेतील आणि संपल्यावर मूल कोणाबरोबर गेलं तेही टिपतील. लांबच्या वाडीची मंडळी एकत्र निघतील असं बघा.

संपल्यावर प्रोजेक्टर लगेच उचलू नका, पंखा थांबेपर्यंत त्याला गार होऊ द्या. तेवढ्यात मुलांकडून खुर्च्या रचून घ्या आणि सतरंज्या मोजून मांडववाल्याच्या माणसाच्या ताब्यात द्या. सकाळी मोजल्या तर एक-दोन कमी भरतातच.