घरशिक्षण, चार मुलं आणि संध्याकाळचा हरिपाठ : या चुका टाळा

एकच मूल असेल तर घरशिक्षण कसंही निभावून जातं. तीन-चार मुलं, घरात आजी-आजोबा, संध्याकाळचा हरिपाठ, एकादशीला वेगळा स्वयंपाक असं भरलेलं घर असलं की पहिल्या काही महिन्यांतच ओढाताण सुरू होते. मग ओळखीपाळखीतून फोन येतात : "पुस्तकं चुकली का हो आमची? बालभारती सोडून दुसरं काही घेऊ का?" पुस्तकं बहुतेक वेळा ठीकच असतात, आणि बालभारतीची तर ई-पुस्तकं फुकट मिळतात. बिघाड आईबापांच्या अंगात मुरलेल्या शाळेचा असतो. घंटा, तास, हजेरी, शिक्षा हे सगळं त्यांच्यासोबत घरात येतं आणि हळूहळू देवघरातही शिरतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच सापडेल.

चौघांचे चार वर्ग भरवणं

आठवीच्या वयाच्याला आठवीचं, पाचवीच्या वयाच्याला पाचवीचं, दुसरीच्या वयाच्या मुलीला दुसरीचं, असं वेळापत्रक भिंतीवर लागतं. आई सकाळी नऊपासून एका वहीवरून दुसरीवर सरकत राहते. कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजत नाही, आणि धाकट्याने तोवर कुणाची तरी कंपासपेटी रिकामी केलेली असते. दोन आठवड्यांत आईचा आवाज बसतो.

वयानुसार वेगळ्या ठेवायच्या त्या दोनच गोष्टी : वाचन-लेखन आणि गणित. इतिहास, भूगोल, विज्ञान, गोष्टी हे सगळं एकत्र बसून. पंगतीत सगळ्यांना तेच वाढतात, तिखट कुणाला किती ते पान बघून ठरवतात. पुरंदरचा तह चालू असेल तर थोरला नकाशावर किल्ले शोधेल, मधली १६६५ साली २३ किल्ले दिले आणि १२ उरले, म्हणजे आधी किती होते ते काढेल, आणि लहानगा मातीचा किल्ला बांधून स्वतःच पाडेल. तिघांचाही इतिहास झाला.

गणिताला समोर एकटं मूल बसलं की वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. शाळेतला तास लांब असतो, कारण तिथे समोर चाळीस जण असतात. आणि क्रम उलटा ठेवा : सकाळची पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात धाकट्याची. त्याला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक वाचलं, की पुढचा तासभर तो इतरांच्या वह्या ओढत नाही. "आधी थोरल्याचं आटपू, मग बाळाकडे बघू" या बेताने मी ओळखत असलेल्या बहुतेक घरांत सकाळ वाया गेलेली आहे.

थोरलीला बिनपगारी बाई करणं

हे मुलींच्याच वाट्याला येतं, मुलांच्या क्वचित. धाकट्यांचे पाढे तिने घ्यायचे, शुद्धलेखन तिने तपासायचं, आणि तिचं बीजगणित रात्री, सगळे झोपल्यावर. वर कौतुक असं की "आमची ताई अगदी दुसरी आई आहे." तेराव्या वर्षी दुसरी आई व्हायची तिची इच्छा कुणी विचारलेली नसते. ताईने गोष्ट वाचून दाखवावी, भावाला सायकल शिकवावी, ते छानच. पण धाकट्याला वाचता येत नाही याचा जाब ताईला विचारायचा नाही. तिच्या अभ्यासाची वेळ दिवसाउजेडी, दार लोटून, आणि त्या वेळात बाळ बाबाकडे. बाबाला वेळ नाही असं उत्तर आलं तर घरशिक्षणाचा निर्णय अजून दोघांचा झालेला नाही, एवढं समजून घ्यावं.

देवाला हेडमास्तर करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. शाळेची घंटा गेली, पट्टी गेली, आता धाक कशाचा? मग "खोटं बोललास ना, आता मनाचे श्लोक लिहून काढ." "पाढे नीट म्हटले नाहीस तर विठोबा रागावेल." पाहुणे आले की "म्हणून दाखव रे पसायदान," आणि अडखळला की सगळ्यांसमोर दुरुस्ती. असं वर्षभर चाललं की मूल हरिपाठाच्या वेळेला नेमकं पोट धरून बसतं. आजी म्हणते कलियुग, आणि आई म्हणते मोबाइल.

बिघडलंच असेल तर दुरुस्ती सोपी आहे, फक्त मोठ्यांना जड जाते. काही काळ मुलांची हजेरी घेणं बंद करा. हरिपाठ मोठ्यांनी म्हणायचा, ठरल्या वेळी, मुलं येवोत न येवोत. टाळ हाताशी ठेवा, कुणी उचलला तर वाजवू द्या, ठेका चुकला तरी चुकू द्या. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग चार वर्षांच्या मुलाला लांबच वाटणार. त्याने सुरुवातीचे दोन-तीन ऐकावे, उठून खेळावं, आणि आरतीला परत यावं. वारकरी घरांत मुलं पिढ्यान्‌पिढ्या अशीच ऐकत मोठी झाली. त्यांची परीक्षा कुणी घेतली नव्हती.

याच्या उलट टोकाची चूकही दिसते. काही हौशी पालक प्रत्येक उपासनेतून धडा काढतात. अभंग संपतो न संपतो तोच "सांगा, यात अक्षरं किती?" अक्षरं जरूर मोजा, मोठ्या अभंगातली सहा-सहा-सहा-चार ही मांडणी मुलांना फार आवडते, पण ते सकाळी, भाषेच्या वहीत. पंचांगाचंही तसंच. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर ३६५चं, दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात, म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो. २०२३मध्ये श्रावण अधिक होता, २०२६मध्ये ज्येष्ठ. एरवी वर्षाला २४ एकादश्या, अधिक मास आला की २६. दहा वर्षांच्या मुलीला हे मांडून काढायला दिलं तर दुपार मजेत जाते. फक्त एकादशीच्या पूजेत मध्येच प्रश्नोत्तरं नकोत.

उपासाबद्दल थोडक्यात : वाढत्या मुलांना उपास करायला लावू नये. साबुदाण्याची खिचडी सगळ्यांनाच हवी असते, त्यावर खुशाल वरणभातही खाऊ द्यावा.

संतांच्या गोष्टी गोड करून सांगणं

घरी शिकवतो म्हणजे काय सांगायचं ते आपल्या हातात, आणि मोह होतो तो सगळं गुळचट करण्याचा. रेडा वेद बोलला, भिंत चालली, जनाबाईला विठ्ठलाने दळू लागलं. या गोष्टी सांगाव्यातच. पण चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, पायरीपाशी का आहे, हे मुलं आज ना उद्या विचारतील. तेव्हा विषय बदलू नका. त्यांना देवळात येऊ दिलं जात नव्हतं हे सरळ सांगा. आणि विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, हेही सांगा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अन्याय फार चटकन कळतो. त्याला मऊ करून सांगितलेली गोष्ट पुढे बाहेरून खरी कळली, की आपण सांगितलेलं बाकी सगळंही तो संशयाने बघतो.

ग्रहणाचंही असंच. आजी जेवू देत नाही, पुस्तकात सावलीची आकृती आहे. इथे आजीला मुलांसमोर खोटं पाडायची गरज नाही आणि आकृती मिटवायचीही नाही. "आजी पाळते, कारण तिच्या घरी पाळत. पण ग्रहण पडतं ते असं," आणि बॅटरी, चेंडू घेऊन दाखवा. बहुतेक आज्या स्वतःच बघायला येऊन बसतात.

आणखी एक. मुलं दिवसभर घरात, संध्याकाळी आपल्याच मंडळीत, सुट्टीत सप्ताहाला. त्यामुळे ईदचा शिरखुर्मा आणि नाताळचा केक कुणाच्या घरचा हे त्यांना माहीत नसतं. शाळेत हे आपोआप होतं, घरी मुद्दाम करावं लागतं. मैदान, पोहण्याचा तलाव, वाचनालय, तबल्याचा वर्ग, काहीही चालेल, पण जिथे आपली निवड चालत नाही अशी एखादी जागा हवी.

वारीत सगळी फौज उतरवणं

उत्साहात पुणे ते सासवड धरतात. तो ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या लांब टप्प्यांपैकी, मध्ये दिवेघाट. मोठी माणसं थकतात, तिथे लहानांचं काय. मुलांसोबत पहिल्यांदा चालायचं तर लोणंद ते तरडगाव बघा. अंतर कमी, आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, प्रत्येकाच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी. वही घेऊन जाऊ नका.

कागदांकडे दुर्लक्ष

भजनी माणसं इथे फार ढिली असतात, म्हणून जरा सविस्तर.

शिक्षण हक्क कायदा, २००९ (लागू १ एप्रिल २०१०) सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याचं कलम १० पालकांनी मुलाला शाळेत घालावं असं सांगतं. न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्या कायद्यात नाही, आणि घरशिक्षणाचा उल्लेखही नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात आले तर वाद घालू नका. ते त्यांचं काम करत असतात. चहा द्या, मुलांच्या वह्या दाखवा, काय शिकतात ते मुलांनाच सांगू द्या. यासाठी प्रत्येक मुलाची तारखा घातलेली फाइल हवी, महिन्याला चार-पाच पानं पुरतात.

दुसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही : शाळा सोडल्याचा दाखला. मूल शाळेतच गेलं नाही तर तो नसतो, आणि महाराष्ट्रात जातीचा दाखला, पडताळणी यांसाठी तोच आधी मागतात. मुलाचा जन्मदाखला आजच नीट करून घ्या, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवा. वडील, आजोबा, आत्या, काका यांचे दाखले गावच्या शाळेतून काढून ठेवा. आजोबांची शाळा जुनी असेल तर रजिस्टर शोधायला वेळ लागतो.

दहावीसाठी ठळक वाटा दोन : राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी, किंवा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. एनआयओएसला माध्यमिकसाठी १४ वर्षं पूर्ण हवीत, विषय पाच, त्यात किमान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. इथल्या नेहमीच्या चुका दोन. गणित सक्तीचं नाही म्हणून सोडून देतात, आणि मग सोळाव्या वर्षी मुलीला विज्ञान शाखा हवी असते. आणि घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट, ज्यांना टीएमए म्हणतात, त्या "नंतर देऊ" म्हणून राहतात आणि त्यांचे गुण हकनाक जातात. बारावीनंतर जेईई, म्हणजे अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा, द्यायची असेल तर एनआयओएसचे पाच विषय लागतात हेही आधीच बघून ठेवा. राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मची मुदत परीक्षेच्या बऱ्याच आधी संपते. जानेवारीत चौकशी करणाऱ्यांना दरवर्षी पुढच्या वर्षाचं उत्तर मिळतं.

अडलंच तर

शाळेतून नुकतं काढलेलं मूल काहीच करत नसेल तर घाई करू नका. शाळेत काढलेल्या दर वर्षामागे महिनाभर मोकळा, असा अंदाज घरशिक्षणवाले सांगतात, आणि तो फारसा चुकत नाही. सात वर्षांचं वाचत नसेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. भावंडं एकमेकांशी तुलना करत असतील तर इयत्तांचे शब्द घरातून काढून टाका. आई थकली असेल तर आठवडाभर फक्त मोठ्याने वाचन, स्वयंपाक आणि हरिपाठ. गणित कुठे जात नाही.

आणि चौघांपैकी एखाद्याने "मला शाळेत जायचंय" म्हटलं, तर ते आपल्यावरचं आरोपपत्र समजू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास प्रशिक्षणही. जन्मदाखला घेऊन जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जा. बाकी तिघं घरी शिकत राहिली तरी काही अडत नाही. फक्त सकाळचा डबा वाढतो.